तारा कुणाच्या अखत्यारीत?

शाळेच्या मागच्या भिंतीला पोट आलं होतं. गवंडी बघून आला आणि म्हणाला, "फटीत माझा अख्खा हात गेला. आजच्या आज शाळा रिकामी करा." अकरा वाजले होते. शाळा रिकामी करायचा आदेश ज्या सरकारी कार्यालयातून निघायचा होता, तिथल्या एकुलत्या एका अनुवादकाची मुलगी त्याच भिंतीला पाठ लावून तिसरीत बसत होती.

कार्यालयाची एक रीत होती. आदेशाच्या मथळ्यात परका शब्द आला, की अनुवादकाने त्याचा अर्थ आणि उगम चिठ्ठीवर लिहून द्यायचा. त्याशिवाय साहेबांची सही नाही. ही रीत नऊ वर्षांपूर्वी, आपल्यालाही काही काम असावं म्हणून, खुद्द अनुवादकानेच पाडली होती. आज मथळ्यात ‘डिझास्टर’ होतं.

त्याने घाईघाईत खरडलं: मूळ इटालियन. वाईट तारा. तारा फिरल्यामुळे ओढवलेलं संकट.

साहेब खूश झाले. "म्हणजे दोष ताऱ्याचा!"

"साहेब, दोष सिमेंटचा आहे."

"तसं तुमच्या चिठ्ठीत नाही. तारे आपल्या अखत्यारीत येतात का हो? वेधशाळेचं मत मागवा."

"साहेब, माझी पोर आहे तिथं!"

"मग अर्धी रजा टाका की. मी कधी अडवलंय?"

रजेचा अर्ज न टाकताच तो पळत सुटला. शाळेत मुख्याध्यापिकाबाई दारातच उभ्या.

"आदेशाचं पत्र?"

"वाटेत आहे."

"मग येऊ दे. उद्या गणिताची परीक्षा आहे."

त्याने वर्गात जाऊन मुलीचं दप्तर उचललं. "चल घरी."

"मी एकटीच? का?"

बाकीची चाळीस डोकी वर झाली. काय सांगणार, कपाळ? तो व्हरांड्यात गेला आणि शिपायाच्या हातातला घंटेचा हातोडा हिसकावून त्याने घंटा बडवली. पोरं धो धो बाहेर पडली. घंटेचा अर्थ आणि उगम एकानेही विचारला नाही.

बाईंनी साहेबांना फोन लावला. पलीकडचा आवाज त्यालाही ऐकू आला. "भिंत पडली का? नाही? मग या गृहस्थांना घरी बसवावं लागेल. संध्याकाळपर्यंत वाट बघू."

शाळेमागच्या रस्त्यापलीकडच्या कट्ट्यावर तो मुलीला घेऊन बसला. भिंतीचा पोपडा सुटला की अर्धवट उठायचा, परत बसायचा.

"बाबा, भिंत पडायला हवी की नको?"

"डबा खा आधी," तो म्हणाला. नजर मात्र भिंतीवरून हलेना.