पिंपाचं झाकण

सकाळपासून आई घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडून पुन्हा लावत होती. साखरेचा डबा झाला, पिठाचा झाला, बाबांचा खिळ्यांचा डबासुद्धा झाला. झाकण लावायचं, हात तसाच त्यावर ठेवायचा, डोळे मिटायचे, मान हलवायची आणि पुढचा डबा घ्यायचा.

"काय हरवलंय?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. हाताला काही आठवतंय का बघतेय."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. एरवी आम्हा दोघांची तोंडं बंद करायला आईला लाटणं दाखवावं लागतं. त्या सकाळी मात्र बाबांनी मिठाचा डबा तेवढा तिच्याकडे सरकवला.

आदल्या रात्री म्हातारी जळून गेली होती. शेजारच्या काकूंनी हे ऐकलं तेव्हा त्या डोक्यावरून पदर घेऊन सांत्वनाला आल्या आणि किती वय होतं हो त्यांचं, असं विचारू लागल्या. बाबांनी त्यांना खुर्ची देऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. म्हातारी म्हणजे विमान. जुन्या महायुद्धातलं, बॉम्ब टाकणारं, चार पंख्यांचं. युद्धवस्तूंच्या संग्रहालयात मोठ्या शेडमध्ये ते उभं असायचं आणि माझी आई ते पुसायची. मला आठवतं तेव्हापासून पुसतेय. काकू म्हणाल्या, म्हणजे कुणी माणूस गेलं नाही ना, मग देवाची कृपा. बाबा हो म्हणाले. आई स्वयंपाकघरातून नाही म्हणाली. मग काकूंना चहा घ्यावा की उठावं हेच कळेना.

खरा घोळ झाकणाचा होता. विमानाच्या पोटातल्या लाकडी फळ्यांना आई जवसाचं तेल लावायची. त्या तेलाची फडकी फार लबाड. ढीग करून टाकली की आपली आपणच तापत जातात आणि काडी न लावता पेटतात. म्हणून शेडच्या मागच्या दाराशी एक पत्र्याचं पिंप होतं. काम झालं की फडकी त्यात टाकायची, वर पाणी ओतायचं आणि झाकण ठोकून बसवायचं. मग घरी यायचं. हे काम आई डोळे मिटूनही करायची, आणि तीच पंचाईत झाली होती.

सकाळी मिस्त्रीकाकांचा फोन आला होता. ते म्हातारीची इंजिनं बघायचे. आईने फोन स्पीकरवर ठेवला होता.

"वहिनी, साहेब लोक चौकशीला येणार आहेत. एकच विचारतो, रागावू नका. झाकण लावलं होतं ना?"

"रोज लावते, भाऊ."

"रोजचं नाही हो. कालचं."

आईला गेल्या आठवड्यातलं लावलेलं आठवत होतं, पावसाळ्यातलं आठवत होतं, पिंप नवं आलं त्या दिवशीचं तर लख्ख आठवत होतं. कालचं तेवढं आठवेना. झाकण उघडं राहिलं असेल तर म्हातारी तिच्या हातून गेली होती, आणि लावलेलं असेल तर नाही. मधलं काहीच नव्हतं.

आणि काल तिथे मीही होते! यंदा मी बोलायला लागलेय. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा मी पुटपुटायचे. मग बाईंनी मला वादविवाद स्पर्धेत ढकललं आणि तेव्हापासून बाबांच्या भाषेत सांगायचं तर नळ चालू राहिलाय. काल माझी निवड झाली होती, म्हणून शाळा सुटल्यावर मी थेट शेडवर गेले आणि आई काम आवरत असताना तिला अख्खं भाषण म्हणून दाखवलं. विषय होता, युद्धातली यंत्रं जपावीत का? मी ठणकावून म्हटलं, जपू नयेत! ज्यांनी घरं पाडली त्यांना कसलं तेलपाणी करता?

आईने विमानाचं पोट पुसता पुसता सगळं ऐकून घेतलं होतं. "बरोबर आहे तुझं," ती म्हणाली होती. "हिने पाडलेल्या घरांत कुणाकुणाच्या आया असतील. पण धूळ तर बसतेच ना तिच्यावर."

या मुद्द्याचं उत्तर मी रात्री अंथरुणात शोधत होते, आणि सकाळी उठले तर विमानच नाही. मी जिंकले की हरले? आनंद व्हावा असं काही घडलं नव्हतं, पण मग मी ते भाषण मनापासून केलं होतं की नुसतंच? डोक्यात सगळा काला झाला होता.

आई चप्पल घालायला लागली तशी मी मागे गेले.

"आई, तू झाकण लावलंस. मी पाहिलं."

तिने झटकन वर बघितलं. तिचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर वाटलं, खरंच पाहिलं असेल मी.

"तू पाहिलंस?"

"हो ना. तिथेच तर होते."

"तिथे कुठे? तू पंखाखाली माझ्याकडे पाठ करून भाषण ठोकत होतीस. मधेमधे टाळ्यांसाठी थांबत होतीस." आणि त्याही अवस्थेत तिला हसू आलं. मग तिने माझी वेणी ओढली. "खोटी साक्ष नको गं. खरं काय ते मलाच माहीत नाही, तुला कुठून असणार?"

बाबांना कामावर जायलाच हवं होतं, म्हणून तिच्याबरोबर मी निघाले. शाळा बुडवायला पहिल्यांदाच कुणाची ना नव्हती, आणि मजा मात्र अजिबात येत नव्हती.

शेडवर पोचलो तर शेडच नाही. छताचे पत्रे खाली वाकडेतिकडे पडलेले आणि वर नुसतं आभाळ. म्हातारीची शेपटी तेवढी उभी होती. चारही इंजिनं काळी होऊन जमिनीवर बसली होती. बाकीचं अंग वितळून फरशीवर पसरलं होतं आणि तसंच गोठलं होतं, उतू गेलेलं दूध शेगडीवर वाळतं ना, तसं. मिस्त्रीकाका उपड्या बादलीवर बसले होते. त्यांनी आईला नमस्कार केला, मग आपण नमस्कार का केला हे न कळल्यासारखे हाताकडे बघत राहिले.

अग्निशमन दलाचे साहेब वयाने लहानच होते आणि राखेमुळे सारखे शिंकत होते. मी वाटेत मनातल्या मनात मुद्दे पक्के केले होते. पुढे झाले, छाती भरून श्वास घेतला आणि सुरुवात केली, "साहेब, माझ्या आईने इतक्या वर्षांत..."

"बाळा, बाजूला हो जरा. पायाखाली खिळे आहेत," साहेब म्हणाले आणि शिंकले. माझं भाषण तिथेच आटोपलं.

त्यांनी आईला सगळं शांतपणे विचारलं. आई म्हणाली की लावलं असेल, पण शपथ घेता येणार नाही. मिस्त्रीकाकांनी कपाळावर हात मारला. हो म्हणून मोकळं व्हायचं, वहिनी, असं ते पुटपुटले.

"पिंप कुठे असायचं ते दाखवा," साहेब म्हणाले.

आता इथे आईबद्दल एक सांगायला हवं. आई चांगली उंच आहे. कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी पंखाची मागची कड तिच्या कपाळाला लागली. त्याची खूण अजून आहे. तेव्हापासून मागच्या दाराकडे जाताना ठरलेल्या जागी ती वाकायची आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला "डोकं सांभाळा" म्हणायची. सवय अंगात इतकी भिनली की घरी स्वयंपाकघराच्या दारातही ती वाकते. बाबा म्हणतात, आपल्या घरावरून विमानाचा रस्ता गेलाय.

तर आई निघाली. राखेतून ताठ चालत गेली आणि मधेच थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. एक पाऊल मागे आली. शेडमधली प्रत्येक फरशी जिला पाठ, ती बाई वाट चुकल्यासारखी उभी होती.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"इथे कुठेतरी वाकायचं असतं," आई म्हणाली. "ते झालं की मग पिंप."

साहेब शिंक आली तरी ती दाबून उभे राहिले. मग मिस्त्रीकाका उठले, शेपटीवरून अंदाज घेत पुढे गेले आणि एका पडलेल्या पत्र्यावर पाय आपटून म्हणाले, "याच्या खाली बघा."

पत्रा उचलला. खाली पिंप होतं. एका अंगाने चेपलेलं, काळंठिक्कर. आणि वर झाकण.

लावलेलं होतं, आणि असं घट्ट बसलं होतं की मिस्त्रीकाकांना पहार घालून ते उचकटावं लागलं. आतून कोमट वाफ आली. फडकी एकमेकांना चिकटून बसली होती. कडा तांबूस झाल्या होत्या, पण ओली, धड, जशीच्या तशी. विमान गेलं, छत गेलं, आणि जी पेटायची भीती ती फडकी तेवढी राहिली.

साहेबांनी वाकून बघितलं. "सुटलात, बाई. इथून नाही लागली. वरच्या वायरिंगचं काम दिसतंय, आग छतातून खाली आलीय. पण ते नक्की सांगायला वेळ लागेल."

मी उडीच मारली! मिस्त्रीकाका म्हणत होते, लावलं होतंत वहिनी, बघा, लावलं होतंत. मी आईला मिठी मारायला गेले तर ती पिंपाशी बसली होती. एक फडकं तिने बाहेर काढलं होतं. तेलाने चिकट, म्हातारीच्या अंगावरच्या धुळीने करडं झालेलं. ते मुठीत धरून ती रडत होती. आगीची बातमी आली तेव्हा रडली नव्हती. सकाळी डब्यांपाशी रडली नव्हती.

मला काही कळेना. "आई, अगं, तुझी चूक नव्हती!"

"हो ना," ती म्हणाली. "माझी चूक असती तर निदान रागवायला कुणीतरी असतं."

साहेब बाजूला जाऊन उगाच एक पत्रा तपासू लागले. थोड्या वेळाने आईने नाक पुसलं आणि त्यांना विचारलं, ही फडकी मी नेली तर चालेल का? साहेबांना बहुतेक असं कुणी कधी विचारलं नसावं. त्यांनी पिंपाचे फोटो काढून घेतले आणि मग न्या म्हणाले. मिस्त्रीकाकांनी त्यातलं एक मागून घेतलं, इस्त्रीच्या रुमालासारखी घडी घातली आणि शर्टाच्या वरच्या खिशात ठेवलं. तेलाचा डाग लगेच पसरला. त्यांनी तो पाहिला आणि काहीच केलं नाही.

घरी आल्यावर आई मागच्या अंगणात गेली आणि दोरीवर फडकी वाळत घालू लागली. एकाला दुसरं लागणार नाही अशी, मोकळी मोकळी, कारण ढीग केला की तापतात. मी विचारलं, धुवायची नाहीत का? ती नको म्हणाली. सगळं अंगण तेलाच्या वासाने भरलं, तिच्या हातांना रोज यायचा त्या वासाने. फडकी वाऱ्यावर हलत होती आणि मी मनात माझं भाषण पहिल्यापासून म्हणून बघत होते. प्रत्येक वाक्य अजूनही बरोबर होतं. तरी ते मला पुढे म्हणवेना.

तिने रिकामी बादली माझ्या हातात दिली. मी दोरीखालून घराकडे निघाले.

"डोकं सांभाळ," मागून आई म्हणाली.

दोरी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. मी वाकून गेले.