चारशे बारा वेळा पाहिलेला मुलगा

ज्ञानेशला कुठलीही वस्तू आहे तशी बघवत नसे. मखमलाबाद रस्त्यावरच्या त्यांच्या घरात २००३ साली जो संगणक होता, त्याच्या डब्याला त्याने करवतीने खिडकी पाडून काच लावली होती आणि आत हिरवा दिवा सोडला होता. पडद्यावरची कचऱ्याची टोपली काढून तिथे घंटागाडी बसवली होती. मोबाइलचं कवच बहिणीच्या नेलपॉलिशने रंगवलं होतं. एका दूध संघात तो कारकून होता. तिथल्या साहेबांच्या संगणकावरही त्याने एकदा हात फिरवला आणि साहेब दुपारपर्यंत फायली शोधत बसले, कारण प्रत्येक फोल्डरच्या चित्राची भाजी झाली होती आणि पगारपत्रक कारल्यात होतं. हौसेला मोल नसतं म्हणतात. ज्ञानेशच्या हौसेला ताळतंत्रही नव्हतं.

या गृहस्थाला आता लग्न करायचं होतं, आणि तेही दीपमालाशीच. ती लासलगावच्या कारभारीअण्णांची मुलगी, तिथल्याच संगणक क्लासात शिकवायची. मावसभावाच्या लग्नात तिने ज्ञानेशचा मोबाइल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं होतं, "हे तुम्हीच केलंत?" कुठल्याही शहाण्या माणसाने याला कौतुक म्हटलं नसतं. ज्ञानेशने म्हटलं, आणि तेव्हापासून त्याचं कशात लक्ष लागेना.

शेवटी त्याच्या आईने, सुमनबाईंनी, लासलगावला शब्द टाकला. कारभारीअण्णांनी मुलाची माहिती मागवली. एक झेरॉक्सचा कागद पाठवला असता तर काम झालं असतं. पण सरळ मार्गाने जाईल तो ज्ञानेश कसला! त्याने स्वतःची वेबसाइटच केली आणि तिचा पत्ता लासलगावला कळवला. मागे झेंडूची बाग, मधोमध फोटो, वर लुकलुकणारं नाव, बाण हलवला की मागे गळणाऱ्या पाकळ्या, पान उघडताच सनई. तळाशी लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'ही माहिती आजवर इतक्या वेळा पाहिली गेली', आणि पान उघडलं की पुढचा आकडा एकाने वाढायचा. तो वाढावा अशी सोयही ज्ञानेशने स्वतःच केली होती. सकाळी उठल्यावर, जेवल्यावर आणि झोपण्याआधी तो स्वतःचंच पान उघडून बघे आणि खूश होई.

कामासाठी नाशिकला आलेले कारभारीअण्णा द्वारका चौकाजवळच्या सायबर कॅफेत गेले. मालकाने पान उघडून दिलं आणि सनई अशी काही कडाडली की शेजारी निकाल बघणारी मुलं दचकली. अण्णांनी शिक्षण, नोकरी, उंची सगळं सबुरीने वाचलं. मग ते तळाशी आले. चारशे बारा.

अण्णांची तीस वर्षं कांद्याच्या लिलावात गेली होती. ट्रॉली येते, व्यापारी भोवती जमतात, कांदा हातात घेऊन बघतात आणि बोली लावतात. चारशे जण बघून पुढे निघून गेले, तर त्या ट्रॉलीच्या बुडाशी काय असणार, हे अण्णांना वेगळं सांगायला नको होतं. त्यांनी त्याच संध्याकाळी सुमनबाईंना फोन केला.

"पोरगा चांगला असंल, ताई. पन चारशे अकरा घरांनी बघून सोडलाय. माझी एकच लेक हाय."

सुमनबाईंनी फोन ठेवला आणि मुलाला विचारलं की ही चारशे अकरा घरं झाली कधी, मला तर एकही आठवत नाही. त्या आकड्याचा घोळ ज्ञानेशच्या ध्यानात आला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, तो हा असा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या एसटीने त्याने लासलगाव गाठलं.

अण्णा ओट्यावर बसले होते. ज्ञानेशने चपलाही न काढता सांगून टाकलं, "अण्णा, कुणीच नाकारलेलं नाही. ते पान मीच बघत होतो."

"सोताचंच?"

"हो."

"चारशे येळा?"

अण्णा विचारात पडले. नाकारलेला जावई वाईट की आरशासमोरून न हलणारा, हे त्यांना ठरवता येईना. ज्ञानेश कितीही खुळा असला तरी खोटारडा नव्हता. तो म्हणाला की तीनशेच्या वर काही आपण पाहिलं नसेल.

"मंग बाकीचे शंभर कोन?"

स्थळ हातचं गेलं, हे ज्ञानेशला दिसत होतं आणि त्याला रडू यायचंच बाकी होतं.

"बाकीच्या वेळा मी पाहिलं," दारातून दीपमाला म्हणाली. "क्लासात दाखवते. वेबसाइट कशी करू नये, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण नाही."

ज्ञानेशचं तोंड उतरलं. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने एसटी स्टँडवर गेला असता. पण याची खोड लाजेपेक्षा मोठी. त्याने तिथेच उभ्या उभ्या विचारलं, "नेमकं काय चुकलंय?"

"सगळंच. सनई काढा. पाकळ्या काढा. लुकलुकणं काढा. बाग काढा. तो आकडा तर आजच काढा."

"मग ठेवू काय?"

दीपमालाने एकदा वडिलांकडे पाहिलं.

"फोटो तेवढा राहू द्या," ती म्हणाली.

अण्णा उठले आणि पोहे टाका म्हणून सांगायला आत गेले.