मधली खाच

देवमननं पात्यावरून अंगठा फिरवला, मग पुन्हा उलटा फिरवला. काहीतरी बिघडलंय, हे त्याच्या बापाला, भिवाजीला, तेव्हाच कळलं.

रिसोडच्या बाजारात भिवाजी तीस वर्षं चाकावर धार लावत होता. विळे, अडकित्ते, न्हाव्याचे वस्तरे. तक्रार घेऊन कुणी फिरकलं नव्हतं. देवमन लडाखला पलटणीत. तिथं तळं गोठलं की जवान बुटांना लोखंडी पाती लावून त्यावर हॉकी खेळत. पाती बोथट झाली तेव्हा यानं छाती ठोकून सांगितलं, माझा बाप करून देईल. वैशाखात सुटीवर येताना त्यानं बूट ट्रंकेत घालून आणले, बापाच्या हवाली केले आणि बहिणीला भेटायला रिठदला गेला. सांगायचं तेवढं राहिलं.

पात्याच्या तळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक खाच होती. भिवाजीला वाटलं, झिजलंय बिचारं. दोन दिवस खपून त्यानं ती घालवली आणि विळ्यासारखी एकच धार काढली.

रिठदहून परतलेल्या देवमननं गोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली. पातं तिरपं धरून रेटलं. ते सटकन घसरलं.

“ते झीज नाई, बाबा. खाच मुद्दाम ठेवेल रायते. तिच्या दोन कडा म्हंजे दोन धारा. वळताना मानूस कलला का आतली धार बर्फात रुतते. नाई रुतली, का पाय गेला.”

भिवाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपण लावलेली धार आपल्या हातानं मोडली. मग गोल कानशीनं नवी खाच पाडली. दोन्ही कडांवर आगकाडी आडवी ठेवून तो बघायचा. काडी जरा कलली की पुन्हा कानस. तिसऱ्या दिवशी पातं लादीत रुतलं आणि देवमन हसला.

पौषात त्याचं पत्र आलं. मॅच झाली, एकदाही पडलो नाही.

फाल्गुनात तार आली. बर्फाचा कडा कोसळून देवमन गेला होता. ट्रंक मागाहून आली.

भिवाजीनं बूट बाहेर काढले. पात्यावर आगकाडी आडवी ठेवली. ती कलली नाही. दोन्ही कडा सारख्याच झिजल्या होत्या.

त्यानं कानस मागितली. देवमनच्या आईनं, लीलाबाईनं, ती आणून दिली, पण तिला हातातून सोडवेना.

“आता कायले?”

“धार गेली हाये,” भिवाजी म्हणाला आणि पातं मांडीवर घेतलं.