पंखाखालचं गवत

आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठावरच्या विमान क्लबात प्रत्येक विमानाच्या पंखाखाली गवताला टक्कल पडलंय. उडण्याआधी टाकीतलं थोडं पेट्रोल नळीत काढायचं, त्यात पाणी नाही ना बघायचं आणि नळी तिथंच गवतावर झटकायची, ही इथली रीतच.

विजेवरचं विमान यावं म्हणून मी तीन वर्षं भांडलो. "समोरच्या डोंगरावर बर्फ औषधालाही उरलं नाही, आणि आपण हौसेपायी धूर ओकतोय!" शेवटी ते आलं. दोन उन्हाळ्यांत त्याच्या पंखाखाली घोटाभर गवत वाढलं, पिवळी फुलंही आली.

पण रविवारी सगळ्यांना बेटावर वाफल, म्हणजे जाळीदार गोड धिरडी, खायला उडत जायचं असतं, आणि तिथून परत यायला त्याची बॅटरी पुरत नाही.

"ओड्वार, तुझ्या विमानाला दावं बांधलंय का रे? इथल्या इथंच घिरट्या घालतं," क्लबाची अध्यक्षबाई राग्नहिल्ड म्हणाली.

"वाफल इथंही भाजता येतात की!"

"मग उडायचं कशाला?"

सगळे हसले. मतदान झालं, बावीस विरुद्ध एक. ते विकून त्याच जागेवर जुनं पेट्रोलचं विमान आणलं.

क्लबात उडायला शिकवणारा मीच, त्यामुळे पहिलं उड्डाणही माझंच. काल राग्नहिल्डला मनात शिव्या घालत पंखाखाली वाकलो, नळी भरली, उजेडात धरली. पाणी नव्हतं.

चाळीस वर्षांची सवय. मला कळायच्या आत हातानं नळी झटकली होती, फुलांवर.