अठरा नंबरचा बिल्ला

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. आकाराने बिस्किटाएवढा, वरच्या बाजूला अडकवायला एक भोक आणि पोटावर ठसठशीत आकडा, १८. त्यातला आठ किंचित कलला आहे, कारण तो ठोकताना कारागिराला शिंक आली. जन्मतःच मला मान वाकडी मिळाली, पण तिचं दुःख मी कधी केलं नाही.

मित्रांनो, माझं घर एका गजबजलेल्या शहराच्या ऐन मध्यावर आहे. चहूकडे बस, मोटारी, भोंगे आणि घाई. त्या सगळ्याच्या मधोमध लोखंडी गजांच्या कुंपणाआड एक चौकोनी बाग. फाटकातून दहा पावलं आत आलात, की आपल्याच चपलांचा आवाज ऐकू येऊ लागतो. दीडशे वर्षांपूर्वी ज्या बाईंनी ही बाग शहराला दिली, त्यांनी एक अट घातली होती. एका वेळी आत चाळीसच माणसं, एकेचाळिसावं नाही. शांतता हवी तर गर्दी नको, इतकं साधं त्यांचं म्हणणं होतं.

त्या अटीसाठीच आम्हा चाळीस भावंडांचा जन्म झाला. फाटकाला लागून एक खोली, खोलीत एक फळी, फळीवर चाळीस खिळे. आत जाताना खिडकीतून एक बिल्ला घ्यायचा, बाहेर पडताना परत द्यायचा. फळी रिकामी दिसली, की नव्या माणसाने बाहेर थांबायचं. दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला घंटा व्हायची. फळी भरली, की आत कोणी उरलं नाही असं समजून फाटकाला टाळं लागायचं.

आमच्या शब्दाला फार मान होता. फाटकवाले काका तर पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, "माझे वडील इथेच होते, आता मी आहे. माणूस खोटं बोलेल, पण माझी फळी नाही बोलणार!" ते ऐकून मी खिळ्यावरच जरा ताठ व्हायचो. खिडकी मात्र फार खाली होती, जुन्या काळच्या कुणा बुटक्या सुताराच्या मापाची असावी. खुर्चीत बसलेल्या काकांना त्यातून फक्त हात दिसायचे. काका चेहऱ्यांपेक्षा हातच जास्त ओळखत.

रोज येणाऱ्यांत एक आजी-आजोबा होते. आजोबांनी सारा जन्म छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात घालवला होता. यंत्रांच्या धडधडाटाने त्यांचे कान गेले होते, आणि आता बागेतली शांतता नि बाहेरचा गोंगाट त्यांना सारखाच. आजी कपडे शिवायच्या. आजोबांना साखरेचा आजार होता. सकाळी घरी सुई टोचून घ्यायची आणि बाराच्या घंटेला बाहेर पडून लगेच जेवायचं, यात हयगय झाली तर त्यांच्या अंगातली साखर एकदम उतरायची. आजोबा वस्तू हरवण्यात पटाईत, म्हणून दोघांचे बिल्ले आजींच्याच पिशवीत असत. सतरा आणि अठरा. कित्येक वर्षं आम्ही दोघं त्यांच्या डब्याला टेकून बसत आलो होतो.

त्या दिवशी साडेअकराला आजींच्या लक्षात आलं, की आजोबांच्या गोळ्या संपल्या आहेत. औषधांचं दुकान रस्ता ओलांडला की समोरच. त्यांनी आजोबांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, "मी आत्ता येते. इथून हलायचं नाही. कळलं?"

"कळलं, कळलं. मी काय लहान आहे?" आजोबा म्हणाले.

आजी पिशवी उचलून निघाल्या. डबा पिशवीत, आम्ही दोघंही पिशवीत. फाटकाशी त्यांचा हात सवयीने आत गेला आणि आम्हा दोघांना खिडकीत ठेवून बाहेर आला. रोजचंच काम, हाताला कुठला विचार करायचा असतो? काकांनीही दोन बिल्ले घेतले आणि दोन खिळ्यांवर लटकवले. रोज त्या दोघांचे बिल्ले असेच तर एकत्र यायचे.

पाऊणशे पावलांवर, उंच कुंपणझाडांच्या मागच्या कोपऱ्यातल्या बाकावर आजोबा बसलेले होते. मला ते माहीत होतं. पण पितळेला तोंड कुठलं?

बाराची घंटा झाली. लोक बाहेर पडले. एकेक खिळा भरत गेला, आणि शेवटचा बिल्ला लागला तसं काकांनी टाळं लावलं आणि आपला जेवणाचा डबा उघडला.

औषधाच्या दुकानात रांग होती. आजी परत आल्या तेव्हा सव्वाबारा झाले होते. बंद फाटक पाहून त्या खिडकीशी धावल्या. "काका, हे कुठे आहेत हो?" वयाने मोठ्या असूनही सगळ्यांसारख्या त्याही त्यांना काकाच म्हणायच्या.

"आजी, आत कुणी नाही. चाळीसच्या चाळीस लागलेत."

"अहो, पण मी त्यांना बसवून गेले होते!"

"मग उठले असतील कंटाळून. हे बघा ना, सतरा, अठरा. तुमचे दोन्ही आहेत."

आजींनी खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना ते पटलं. मित्रांनो, त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजी रस्त्याकडे धावल्या. बहिरा माणूस, उपाशी, आणि एवढी वाहनं! काकाही जेवण तसंच टाकून त्यांच्या मागे गेले. बसथांब्यावर पाहिलं, चौकात पाहिलं, पेपरवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "मी सकाळपासून इथून हललो नाही. आजोबा काही दिसले नाहीत बुवा." जिथे आजोबा नव्हते तिथे सगळे शोधत होते, आणि भिंतीवरचं घड्याळ माझ्यासमोर पुढे सरकत होतं. साडेबारा. बारा पस्तीस.

आजी परत आल्या आणि मटकन स्टुलावर बसल्या. काका म्हणाले, "आजी, धीर सोडू नका. मला आठवू द्या. बिल्ले देताना आजोबांचा हात..." आणि ते एकदम थांबले. आजोबांच्या बोटांत जन्मभराची शाई मुरली होती. रोज बिल्ले आजीच द्यायच्या, पण तो हात शेजारी खिडकीच्या कडेला टेकलेला असायचा, आणि आज तो दिसलाच नव्हता. आला होता तो सुयांनी टोचलेल्या बोटांचा, दोन बांगड्यांचा हात.

"आजी! दोन्ही बिल्ले दिलेत, पण तुम्ही एकट्याच बाहेर आलात!"

काकांनी आम्हा दोघांना खिळ्यांवरून ओढलं, का कुणास ठाऊक, आणि दुसऱ्या हातात चहाच्या साखरेचा डबा घेऊन ते फाटकाकडे धावले. किल्ली टाळ्यात जाईना. त्यांच्या मुठीत मी घामाने भिजलो. आजी मागून म्हणत होत्या, "लवकर हो, लवकर!"

आजोबा बाकावरच होते. मान खांद्यावर पडलेली, सदरा भिजून अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे, डोळे अर्धवट मिटलेले. आजींनी त्यांचं तोंड वर धरून चिमूटभर साखर ओठांच्या आत लावली. मग आणखी चिमूटभर. काका नुसते उभे होते, आणि त्यांच्या मुठीत माझी कड रुतत होती. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आजोबांनी गिळलं. पुन्हा गिळलं. हळूहळू डोळे उघडून त्यांनी आजींकडे पाहिलं.

"किती वेळ लावलास गं," ते म्हणाले. "हलू नका म्हणालीस, म्हणून बसून राहिलो."

आजी त्यांच्यावर एवढ्या ओरडल्या, की बहिऱ्या माणसालाही ऐकू गेलं असेल. आणि ओरडता ओरडता रडल्या.

डॉक्टर म्हणाले, आणखी अर्ध्या तासाने काही खरं नव्हतं. दुसऱ्याच दिवशी काकांनी सुतार बोलावून खिडकी हातभर वर करून घेतली. तेव्हापासून फळी भरली तरी ते टाळ्याला हात लावत नसत. आधी बागेला एक फेरी मारत, प्रत्येक बाकाशी थांबत. फळीची बढाई मात्र त्यांनी पुन्हा कधी मारली नाही. मलाही ती ऐकवली नसती.

आता काका निवृत्त झाले आहेत. फाटकात माणसं मोजणारं यंत्र आलं आहे. आम्ही चाळीस जण काचेच्या चौकटीत पडून असतो. कुणी फोटो काढतं, पण कुणी हातात घेत नाही, आणि पितळ हळूहळू काळवंडत चाललं आहे. यंत्रावर शून्य उमटलं, की नवा फाटकवाला बसल्या जागेवरून बटण दाबतो आणि फाटक बंद होतं.

मित्रांनो, मी त्या यंत्राला नावं ठेवत नाही. त्या दिवशी आमचीही मोजणी चुकली नव्हती. फळीवर चाळीस होते, अगदी बरोबर चाळीस, आणि आत एक म्हातारा माणूस बायको येईल म्हणून बसून होता. तेव्हा तुमच्यावर कधी कुठलं दार लावायची पाळी आली, तर आकडा जुळला म्हणून तिथूनच परत फिरू नका. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि प्रत्येक बाक आपल्या डोळ्यांनी बघून या.