एकाच दाण्याचं पीठ

रिपेकाने चाचणीसाठी नवं खातं उघडलं, परवलीचा शब्द टाकला आणि जुन्या यादीच्या तळाशी उमटलेली ओळ पाहून खुर्ची मागे सरकवली. हीच ओळ यादीत आधीपासून होती. वर, एकशे बाराव्या जागी, जे. स्टॉकर या नावापुढे.

तिने शब्द पुन्हा टाकला. पुन्हा तीच चौसष्ट अक्षरं.

काम ब्लफ बंदराच्या धक्क्यावरच्या रेडिओ केंद्राचं होतं. बोटी समुद्रात जाताना केंद्राच्या संकेतस्थळावर ‘निघालो’ अशी नोंद करत आणि परतल्यावर ‘पोहोचलो’. संकेतस्थळ ज्या छोट्या फ्रेमवर्कवर उभं होतं, त्यात माणूस ओळखायची सोय म्हणजे एक साधी फाइल: नाव, आणि त्यापुढे दळून ठेवलेला, म्हणजे चौसष्ट अक्षरांत बदललेला परवलीचा शब्द. पिठाचा पुन्हा दाणा होत नाही, पण एकाच दाण्याचं पीठ दर वेळी सारखंच निघतं. म्हणून तर ही पद्धत मोडीत काढायची होती. आता सगळी खाती डेटाबेसमध्ये जाणार होती आणि प्रत्येकाच्या पिठात वेगळं मीठ पडणार होतं. शब्दाला जोडलेल्या जादा अक्षरांना या धंद्यात मीठच म्हणतात. मग दोघांचा शब्द एक असला, तरी ओळी जुळत नाहीत.

चाचणीला ती वर्षानुवर्षं एकच शब्द वापरत आली होती. आळस, दुसरं काय! लहानपणी टीटी या समुद्रपक्ष्यांच्या शिकारीच्या हंगामात सगळं घर बेटावर जायचं. झोपडीत ती आतून कडी लावून बसायची आणि थोरला भाऊ हेमी बाहेरून दार वाजवायचा. शब्द सांगितल्याशिवाय दार उघडायचं नाही, असा त्यांचा नियम. लंगड्या कोंबडीचं नाव, तिने खाडीत सांडलेले त्रेचाळीस पक्षी आणि आजोबांची एक शिवी, असं ते कडबोळं होतं. जगात दोघांनाच ठाऊक. त्यातला हेमी अकरा वर्षांपूर्वी समुद्रात गेला. बोट सापडली, हेमी सापडला नाही.

शेजारच्या खोलीत मर्व्ह रेडिओपाशी बसून चहात बिस्किट बुडवत होता. वीस वर्षं केंद्र सांभाळणारा म्हातारा, सगळ्या बोटी आवाजावरून ओळखायचा.

“मर्व्ह, हा स्टॉकर कोण?”

“स्टॉकर? मोठा विसरभोळा गडी आहे. सहा वर्षं झाली असतील. ‘निघालो’ म्हणून नोंद करतो, पण ‘पोहोचलो’ म्हणून एकदाही केली नाही बघ. दुसऱ्या दिवशी मीच त्याची नोंद बंद करतो.”

“शोधायला कुणाला पाठवत नाही?”

“पहिल्यांदा पाठवलं होतं ना. कुठे काही नाही. आणि चार दिवसांनी पठ्ठ्या पुन्हा ‘निघालो’! मग कोण धावतंय सारखं?”

“तुम्ही पाहिलंय त्याला?”

“कुणीच पाहिलेलं नाही. रेडिओवरही येत नाही. दिलेला फोन लागत नाही.” मर्व्हने कप खाली ठेवला. “काय गं पोरी, एवढी पांढरी का पडलीस? चहा घे.”

रिपेकाने चहा घेतला.

संध्याकाळी आईचा फोन आला. शनिवारी हेमीच्या नावाच्या दगडाचं अनावरण होतं. त्यांच्या रीतीने माणूस गेल्यावर वर्षभरात दगड बसतो, पण रिकाम्या जमिनीवर दगड कसला बसवायचा म्हणून आई अकरा वर्षं अडून बसली होती. आता कुठे राजी झाली होती.

“पावाचं पीठ तूच मळ हं,” आई म्हणाली. “मला काही सुधरत नाही. पण बरं वाटतंय गं. आता दाराकडे बघायला नको सारखं.”

“आई...”

“काय?”

“काही नाही. मळते मी.”

सांगायचं तरी काय? चौसष्ट अक्षरं जुळली म्हणून? तो जिवंत असेल तर अकरा वर्षं आईला का टांगून ठेवलं? आणि नसेल, तर मग शब्द टाकतंय कोण? हा शेवटचा प्रश्न तिने मनात फार वेळ राहू दिला नाही. तिला भीती वाटली, अगदी लहानपणी वाटायची तशी, कडी हातात धरून.

शुक्रवारी दुपारी नवी व्यवस्था सुरू झाली. जुन्या शब्दाने आत येणारा प्रत्येकजण एकदा ओळखला जाई, त्याचा शब्द मीठ घालून नव्याने दळला जाई आणि जुनी ओळ कायमची पुसली जाई. संध्याकाळपर्यंत नव्वद बोटींची खाती नव्या यादीत आली. एकशे बारावी ओळ तशीच होती. त्या खात्याची हालचाल झाली की आपल्या फोनवर निरोप यावा, एवढं रिपेकाने गुपचूप करून ठेवलं. असं करणं नियमात बसत नाही, हे तिला कळत होतं.

शनिवारी सकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत सगळे जमले. वारा नेहमीसारखाच झोंबत होता. दगडावर आजीची पिसांची शाल पांघरलेली होती. प्रार्थना झाली. आईने शालीचं टोक हातात धरलं, आणि रिपेकाच्या खिशातला फोन थरथरला.

तिने पाहिलं. जे. स्टॉकर, ओळख पटली. जुनी ओळ पुसली गेली होती. दोघांचा शब्द एकच होता, हे आता जगाला दाखवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. मग खाली आणखी एक ओळ आली.

‘पोहोचलो. ब्लफ. बोटीवर माणसं: १.’

सहा वर्षांत पहिल्यांदाच.

टेकडीवरून धक्का स्पष्ट दिसत होता. दुपारी निघायच्या बोटी आपापल्या जागी होत्या. नवी बोट एकही नव्हती. खाली रस्त्याच्या टोकाचं दफनभूमीचं फाटक मात्र उघडं होतं. येताना आपणच ते ओढून घेतलं होतं, हे रिपेकाला पक्कं आठवत होतं.

सगळे तिच्याकडे बघत होते. आईच्या हातात शालीचं टोक तसंच होतं.

“काय झालं गं?” आईने विचारलं. “कुणी यायचं राहिलंय का?”

रिपेकाने पुढे होऊन आईच्या हातावर हात ठेवला आणि शाल धरून ठेवली.

“एकजण,” ती म्हणाली.