तळटीपेतल्या बहिणी

सुकन्या सोलापुरातल्या एका हायस्कुलात इंग्रजी शिकवायची आणि रविवारी चर्चमध्ये इंग्रजी मिस्साला, म्हणजे उपासनेला, बायबलचं वाचन करायची. संत पौलाच्या पत्रांत जिथे नुसतं 'ब्रदर्स' होतं, तिथे चर्चच्या पुस्तकात आधीच्या फादरांनी पेन्सिलीने 'अँड सिस्टर्स' लिहून ठेवलं होतं. ती तेही वाचायची. मग नव्या भाषांतराचं कोरं पुस्तक आलं; त्यातही नुसतं 'ब्रदर्स'च होतं. पाठोपाठ नवे फादरही आले.

त्या रविवारी तिने सवयीने "ब्रदर्स अँड सिस्टर्स" म्हटलं.

"जे छापलंय तेवढंच वाचा," फादर वेदीजवळून म्हणाले. सगळ्या चर्चने ऐकलं.

तिचे कान तापले. तिने तेच शब्द पुन्हा, आणखी मोठ्याने वाचले आणि वाचन पुरं केलं.

मिस्सा संपल्यावर फादरांनी तिला गाठलं. "देवाच्या शब्दात भर घालायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?"

"हे भाषांतर आहे, फादर. माझ्या घरच्या बायबलात याच शब्दाला पानाखाली बारीक अक्षरात टीप आहे. मूळ ग्रीक शब्दात बहिणीही येतात म्हणून. म्हणजे आम्ही आहोत, पण तळटीपेत!"

"भाऊ म्हटलं की त्यात बहिणी आल्याच. त्यात चिडायचं काय?"

"मग शनिवारी चर्चची फरशी पुसायला भावांनाच बोलवा. बघू, बहिणी येतात का!"

फादरांनी तिचं वाचन बंद केलं.

तिची सासू मुक्ताबाई मराठी मिस्साला जायची. इंग्रजीचं तिला काही कळत नव्हतं, पण लग्न होऊन आल्यापासून दर शनिवारी इतर बायकांबरोबर ती चर्चची फरशी पुसत होती. सुनेचं ऐकून ती भडकली. "आमचं नाव घ्याया जड जातंय व्हय? आन फरशीला आमीच? म्या न्हाय जायची!"

तिने शेजारच्या दाक्षायणीला सांगितलं, दाक्षायणीने बाकीच्यांना. शनिवारी एकही बाई फिरकली नाही.

रविवारी बाकांवर धूळ होती. मुक्ताबाई आणि दाक्षायणी या वेळी मुद्दाम इंग्रजी मिस्साला येऊन बसल्या होत्या. फादर स्वतः वाचायला उभे राहिले. "ब्रदर्स..."

"आन आमी?" मुक्ताबाई बाकावरून उठून ओरडली.

फादर खाली बघून पुढचं वाचू लागले. मुक्ताबाई बाहेर निघाली. तिच्यामागे दाक्षायणी, मग एकेक करत सगळ्या बायका निघाल्या. आवारात ऊन रणरणत होतं. आतून प्रार्थनेला फक्त पुरुषांचा, अर्धामुर्धा प्रतिसाद ऐकू येत होता.

"बरी जिरली!" दाक्षायणी म्हणाली.

सुकन्या चर्चच्या दाराकडे बघत होती. तिला आत उभं राहून वाचायचं होतं. रागाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.